पेलवानने पूल धरला तेव्हा

१९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

ताईचे भरपूर आशीर्वाद. तुझं जहाज सध्या कुठल्या पाण्यात आहे कोण जाणे, पण पुढच्या बंदरावर हे पार्सल तुझ्या हातात पडेल असं तुमच्या कंपनीतला माणूस म्हणाला. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याच्यापेक्षा आईच जास्त कुरकुरते. इंजिनरूमच्या उकाड्यात तू पाणी नीट पितोस ना, हे चार वेळा विचारायला सांगितलंय. मी एकदाच विचारते.

सोबत तुझ्या ‘पेलवान’ कॉमिकचे नवे तीन अंक आहेत. पिशव्या फोडलेल्या दिसतील. रागावू नकोस, मी वाचले. हो, मीच! चड्डी बाहेरून घालणाऱ्या बाप्याच्या गोष्टी काय वाचतोस, म्हणून तुला लहानपणापासून छळणारी तुझी बहीण.

पहिला अंक उघडला तो नावं ठेवायलाच. बुडालेली फेरीबोट पेलवान समुद्रातून वर काढतो, एवढीच गोष्ट. पण चित्रकार बदललाय, माहीत आहे का तुला? तुझ्या जुन्या अंकांतला पेलवान म्हणजे हवा भरलेला फुगा. ह्याच्या पेलवानाला पाठ आहे. ओझं आलं की माझी जिथे भरून येते, तिथेच त्याचीही भरून येते. बोट वर येतेय, खिडक्याखिडक्यांतून पाणी गळतंय, आणि दोन अख्ख्या पानांवर एक शब्द नाही. मी पान उलटायचंच विसरले. तुझे ते कोपऱ्यावरच्या कॉमिकच्या दुकानातले चष्मेवाले काका म्हणाले, “काय गं, डोळा लागला की काय?”

दुसऱ्या अंकात तर शत्रूच नाही. पेलवान एका म्हातारीचं लोखंडी कपाट जिन्यावरून खाली आणून देतो आणि मग तिच्याकडे चहा पीत बसतो. ती विचारते, “दमत नाहीस का रे?” तो कप पुढे करून आणखी चहा मागतो. दुकानात येणारी एक कॉलेजची मुलगी भयंकर चिडली होती. “काका, हा सुपरहिरो आहे की सामान हलवणारा? एक तरी ठोसा?” मी तिला म्हटलं, “बाई, तू कधी जिन्यावरून कपाट उतरवलंयस? ठोसा मारणं सोपं असतं.” त्यावरून आमचं जे जुंपलं! आता रोज जुंपतं. मला ती फार आवडते.

तिसऱ्याबद्दल मी काही सांगणार नव्हते. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तेव्हा इथे थांब. आधी अंक वाच.

वाचलास?

पूल खचतो, वर माणसांनी भरलेली गाडी अडकलेली. पेलवान खाली उतरतो आणि तुटलेल्या खांबाच्या जागी उभा राहतो. शेवटच्या पानापर्यंत तो दुसरं काहीच करत नाही. वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. चित्रकाराने नुसती पावलंच काढलीत रे. चपला, बूट, एक काठी, कुणाची तरी अनवाणी टाच. नाकावर घामाचा थेंब आलाय तो पुसायची सोय नाही, कारण हात हलला तर वरची माणसं गेली. माझ्या अंगावर काटा आला. स्थिर राहायला किती ताकद लागते, हे कुणाला ठाऊक असेल आणि ते कुणी शाईने कागदावर उतरवू शकेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि ते शेवटचं पान! पूल रिकामा झालाय. लोक ओरडताहेत, “सोड! सोड आता!” आणि त्याची बोटं उघडत नाहीत.

मी दुकानातल्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. काका गल्ल्यामागून उठून आले आणि माझ्याजवळ नुसते उभे राहिले. चिडक्या मुलीने ओढणीचं टोक पुढे केलं.

आता तू विचारशीलच, की ताई, कामाच्या दिवशी भरदुपारी तू तिथे काय करत होतीस?

मी कामावर जात नव्हते, धाकट्या. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळपर्यंत काकांच्या दुकानात बसायचे. आईला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

झालं असं. आम्ही बांधतोय त्या इमारतीला बाहेरून रंग देणाऱ्यांचा दोरांना टांगलेला झुला एका बाजूने निसटला. दोघं जण तिरक्या फळीला लटकलेले, खाली सगळे मजले. माझ्या क्रेनला माणसं उतरवायचा पिंजरा लावून तो त्यांच्यापाशी नेणं एवढाच उपाय होता. पण वारा चढत होता. आणखी थोडा चढला, तर क्रेन बंद करायची असा नियमच आहे. इंजिनियर वायरलेसवर म्हणाले, “ताई, निर्णय तुमचा. नाही म्हणालात तरी कुणी बोट दाखवणार नाही.”

मी म्हटलं, “पिंजरा लावा.”

खालून खुणा करणारा आमचा शिट्टी, त्याचं खरं नाव मलाही माहीत नाही, तो वायरलेसवर एवढंच बोलत होता, “जरा डावीकडे. अजून जरा. थांब. तशीच थांब.” माझ्या केबिनमधून फळीचं फक्त टोक दिसत होतं. माणसं दिसत नव्हती. पिंजरा वाऱ्याने झोके घेत होता आणि मी दांडा धरून श्वाससुद्धा बेताने घेत होते. पहिला चढला, हे शिट्टीने सांगितलं. दुसरा चढेना. घाबरून त्याची बोटं फळीवरून सुटेनात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग शिट्टीचा रडका आवाज आला, “घेतला गं! खाली आण!”

दोघंही सुखरूप आहेत. मी उतरले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी क्रेनच्या शिडीपाशी गेले, तर हात वरच जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, सावकाश घ्या. मी सावकाश घ्यायला काकांच्या दुकानात जाऊन बसले.

मला शोधत शिट्टी तिथेच आला. उपदेश वगैरे काही केला नाही. तिन्ही अंक चाळले, “भारी आहे रे हा,” म्हणाला, आणि मग, “वर चढू नकोस. उद्या नुसती माझ्या शेजारी येऊन उभी राहा.”

गेले. वर बदली चालक होता. धाकट्या, इतकी वर्षं मी क्रेन चालवते, पण चालू क्रेन कधी खालून निरखलीच नव्हती! आभाळातून लोखंडाचा एवढा मोठा भारा आला, शिट्टीच्या दोन बोटांच्या इशाऱ्यावर थबकला आणि जमिनीला असा टेकला, की धूळसुद्धा उडाली नाही. मी आ वासून बघत राहिले. शिट्टी म्हणाला, “तू ह्याच्यापेक्षा हळू टेकवतेस.”

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “बुटांना सिमेंट लागेनासं झालं, तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.” मग सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, “ते दोघं आता बरे आहेत ना?” ते बरे आहेत म्हटल्यावर तिचा बांध फुटला. मला जवळ घेऊन ती किती तरी वेळ रडली, आणि मी आपली तिची पाठ थोपटत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मी शिडीचा एकेक टप्पा चढत गेले. पहिल्या दिवशी पहिल्याच टप्प्यावरून परत फिरले, खोटं कशाला बोलू. आणि काल पूर्ण वर पोचले. हे शेवटचं मी केबिनमध्ये बसून लिहितेय, अक्षर हललंय ते त्यामुळे. वारा मंद आहे. इथून शहर असं पसरलेलं दिसतं, जणू कुणी नुकतंच काढून ठेवलंय आणि शाई अजून ओली आहे.

हातांना घाम येतोच आहे. येऊ दे.

खाली शिट्टीने हात वर केलाय. साखळ्या लावून झाल्या. उचलते.

तुझीच,
ताई