वादळवीराचा आवाज

४ फेब्रुवारी
आज आलेलं: दिव्याचं तेल, पंचेचाळीस. अंगाचे साबण दोन, अडतीस. ह्यांच्या घशाचं औषध, दोनशे दहा. सिनेमाची दोन तिकिटं, फुकट. स्टुडिओतल्या साहेबांनी पाठवली. वादळवीर, तो परदेशी सिनेमातला उडणारा वीर, म्हणे पुन्हा पहिल्यापासून काढलाय — नवा नट, नवा आवाज.

जुन्या चारही सिनेमांत आपल्या भाषेत बोललेला वादळवीर म्हणजे हे. तोंड परक्याचं, आवाज आमच्या घरचा. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांचं सगळं बोलणं पाटीवर. तिकिटं पाहून लिहिलं — नको.

५ फेब्रुवारी
डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. "जखम कधीच भरलीय. आवाज पूर्वीसारखा येणार नाही, पण येईल. असेच गप्प राहिलात तर उरलाय तोही जाईल." ह्यांनी मान डोलावली. घरी येऊन पाटी स्वच्छ पुसून ठेवली.

देवाकडे मी फार मागत नाही. भाजीत मीठ जास्त झालंय, एवढं जरी बोलले तरी पुरे.

७ फेब्रुवारी
दुपारी डोळा लागला. स्वप्नात घर अगदी हलकं झालं होतं, जमिनीपासून वीतभर वर. पडदे पाण्यातल्यासारखे हलत होते आणि खोल्याखोल्यांतून ह्यांचा आवाज फिरत होता, उन्हासारखा. येत होता कपड्यांच्या कपाटातून.

तालीम हे तिथेच करायचे, कपाटात डोकं घालून — कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणून. बाहेर उभी राहून खलनायकाची वाक्यं मी म्हणायची. "आता तुला कोण वाचवणार?" असं मी ओरडले की शेजारच्या वहिनी भिंतीवर थाप मारून विचारायच्या, "अहो, भावोजींना कोंडून ठेवलंत की काय?"

जाग आली तेव्हा हे खिडकीत बसले होते, मांडीवर पाटी.

९ फेब्रुवारी
तिकिटं उद्याची. फुकट आलेलं वाया घालवणं मला जमायचं नाही, हे ह्यांनाही ठाऊक आहे.

१० फेब्रुवारी
गेलो. दुपारचा खेळ. आत गारवा, अंधार, पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी शेजारी शेजारी बसलो, तेवढंच बरं वाटलं.

सिनेमा मात्र — काय सांगावं. सगळा काळोख आणि दणदणाट. नवा वादळवीर देखणा आहे, पण कपाळाला सदा आठी, भाडं मागायला आलेल्या घरमालकासारखा. आमचा वादळवीर कुणालाही उचलण्याआधी विचारायचा, "घट्ट धरलंत ना?" मगच उडायचा. ह्या नव्यानं पुरातून म्हातारीला काढलं ते पोतं उचलावं तसं. एक शब्द नाही. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अरे, तिला विचार तरी!"

पुढच्या रांगेतला एकजण वळून म्हणाला, "काकू, त्याला ऐकू येत नाही."

आणि शेजारून आवाज आला. जड लाकडी खण ओढावा तसा. हे हसत होते! लगेच रुमाल तोंडावर धरला. मी पडद्यावरची नजर हलवली नाही. वळून बघितलं असतं तर थांबले असते.

१२ फेब्रुवारी
कपाटाचं दार उघडं, आणि हे आत डोकं घालून उभे. मला वाटलं स्वेटर शोधताहेत. जवळ गेले तर कपड्यांतून खरखर. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शब्द कळत नव्हते. पाय न वाजवता स्वयंपाकघरात आले आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे मला काही ऐकू येत नाही असं त्यांना वाटावं. बादलीभर पाणी वाहून गेलं. जाऊ दे.

१५ फेब्रुवारी
लेकीला पत्र टाकलं. फोनवर नुसती घरघर जाते, म्हणून पत्र. अक्षर माझं. मजकूर ह्यांनी सांगितला, एकेक शब्द, मधे मधे पाणी पीत — "नातीला तो नवा वादळवीर दाखवू नकोस. खरी गोष्ट मी सांगणार आहे. आवाज फाटका आहे, तिला आधी कल्पना दे. कधी येताय ते उलट टपाली कळव."