हुपरीच्या पोरीचा गंधार

आप्पा,

काल तुमची बाजाची पेटी चुकली, आणि मी पेटीचं खरं धरून एका पोरीला चूक ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं आनंदाच्या भरात मी काय काय लिहीन याचा भरवसा नाही. सकाळपासून घरभर येरझाऱ्या घालतेय. आईनं दोनदा विचारलं, "अंगात ताप हाय का तुझ्या?" ताप नाही. काल मी परीक्षक होते! तुमची मुलगी, कोल्हापुरात, भरलेल्या हॉलमध्ये, कॅमेऱ्यासमोर, गाण्याच्या स्पर्धेची परीक्षक.

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. आता इथं घरोघरी केबल आहे, आणि आपल्याकडच्या एका केबलवाल्यानं यंदा टीव्हीवर असते तशी स्पर्धा काढली. आठ जण गाणार, पहिल्या नंबराला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश. मी पोरांना गाणं शिकवते म्हणून मला विचारलं. त्यांच्या कागदावर 'संगीताचे शिक्षण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'घरी, वडिलांकडे.' खोडलं. दुसरं काही सुचेना, कारण दुसरं काही नव्हतंच, म्हणून परत तेच लिहिलं. माझ्या शेजारी परीक्षक म्हणून बसणार होत्या सिनेमातल्या एक बाई. एके काळी इथल्या प्रत्येक टॉकीजवर त्यांचा चेहरा असायचा. त्यांच्या रकान्यात नुसती सिनेमांची नावं होती आणि त्यांना जागा पुरली नव्हती. त्यांना सा कुठला आणि प कुठला हे ठाऊक नाही, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत हसत हसत सांगून टाकलं. मला राग आला. खरं सांगायचं तर राग मी घरूनच घेऊन गेले होते.

तो राग तुम्हीच दिलेला. मी शाळेत होते, आणि शेजाऱ्यांच्या आधी आपल्याकडं रंगीत टीव्ही आला होता. रविवारी गाण्याची स्पर्धा बघायला गल्लीतली माणसं आपल्या पुढच्या सोप्यात दाटीनं बसायची आणि तुम्ही मात्र टीव्हीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. सूर डोळ्यांनी ऐकायचा नसतो, म्हणायचात. एकदा कुणीतरी हिंदीतला हिरो परीक्षक म्हणून आला. गाणं झालं, तो बराच वेळ बोलला. तुम्ही न वळता मला विचारलंत, "काय म्हणला गं?"

"बहोत अच्छा म्हणाला."

"आनि?"

"दिल से गाया म्हणाला."

"एवढ्यासाठी त्याला तिथं बशीवलाय व्हय?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मग मलाबी बशिवतील का इचारा की! मीबी चांगलं म्हनते सगळ्यास्नी. वर भाकरीबी वाढीन."

सगळा सोपा हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ज्याला चुकलेलं कळत नाही त्यानं बरोबर म्हणू नये. मी तेव्हा दहा वर्षांची असेन, पण ते वाक्य गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं. काल त्या बाईंच्या शेजारी खुर्ची ओढताना माझ्या डोक्यात तेच होतं. आणि पहिलाच मुलगा गायला तेव्हा तर माझी खात्रीच पटली. त्यानं त्यांच्याच सिनेमातलं गाणं म्हटलं. मुखड्यापासून बेसूर. बाईंनी डोळे पुसले आणि दहापैकी दहा दिले! मी चार दिले. त्यांनी माझ्या कागदात डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं बाई! तू त्याच्या घरच्यांशी भांडलीयस का?"

आता पेटीचं सांगते. आयोजकांकडं कीबोर्ड होता, पण वाजवणारा मुलगा म्हणाला, नाट्यगीतं आणि भजनं आहेत, पेटी हवी. मी एकदम बोलून गेले, माझ्या वडिलांची देते. तुमची ती स्वतःची पेटी, गिऱ्हाइकाची नव्हे, सागवानी, जी तुम्ही आपल्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात सगळ्या पेट्यांच्या वरच्या फळीवर ठेवायचात आणि दुसरी कुठलीही पेटी जुळवायची झाली की खाली काढायचात. मुरगूडपासून कागलपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्या एका पेटीवरून जुळल्यात. तुमच्यानंतर मी ती रोज पुसते. खंडेनवमीला तुमच्या कानशी, चिमटे आणि ती पेटी मांडून हळदकुंकू वाहते, झेंडू वाहते. पण उघडली कधीच नाही, आप्पा. नऊ वर्षांत एकदाही तिची वरची फळी काढून आत पाहिलं नाही. तुम्ही बंद केलेली आपण उघडायची, हे मनाला पटायचं नाही. वरून लाकूड असं चकचकीत ठेवलं की हॉलमध्ये लोक विचारत होते, नवीन घेतली का.

सहावी आली ती हुपरीची. सोळा-सतरा वर्षांची, बरोबर आई. घरी पैंजणांचं काम, दोघी मायलेकी चांदीच्या कड्या जोडतात. पोरीच्या बोटांच्या टोकांना भाजल्याचे बारीक डाग होते. माईक तिनं फार लांब धरला होता. काळी चार पट्टी घेतली, आणि पहिल्या ओळीतच गंधारावर जाऊन थांबली. तो तिचा गंधार आणि पेटीचा गंधार जुळेनात. तिचा किंचित चढा. पुन्हा आली, पुन्हा तसंच. अंतऱ्यातही तसंच. पेटीवाला जोर लावून तिला सूर दाखवत होता आणि ती काही खाली येत नव्हती. मी लिहिलं, 'आवाज उत्तम, गंधार चढा लागतो.' आणि सहा गुण. लिहिताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. नऊ देण्याचा मोह टाळला म्हणून.

आठही जणांचं झाल्यावर चहाची सुट्टी झाली. निकाल चहानंतर. विंगेत त्या पोरीच्या आईनं मला गाठलं. ती भांडायला आली नव्हती, पण आवाज आपल्याकडचा, चार माणसं वळून बघतील असा. "बाई, इतकं मान हालवून न्हाय म्हनत हुता तुमी, मी बघत हुते. पोरगी चुकली व्हय माजी?"

मी म्हणाले, "आवाज फार छान आहे हो. पण एक सूर चढा लागतोय."

"आता ते मला काय कळतंय? घरात भट्टीपाशी बसून म्हनती तवा पेटी नसती. तवा चांगलं लागतंय एवढं ठावं."

मागून त्या सिनेमातल्या बाई आल्या, हातात बशी, बशीत चहा. म्हणाल्या, "मी पण तेच म्हणणार होते. मला रागवू नकोस हं, मला यातलं काही कळत नाही. पण ती गात होती ना, तेव्हा मला सारखं वाटत होतं की त्या पेटीवाल्याला कुणीतरी गप्प बसवा. मध्येमध्ये खडा लागल्यासारखं होत होतं. बाकीच्यांच्या वेळी नाही झालं तसं. का गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आप्पा, मला तुमचा तो भजनीबुवा आठवला. मुरगूडचा, दर वर्षी पेटी घेऊन यायचा. एकदा आठ दिवसांत परत आला, म्हणाला पेटी सूर खाते. मी दुकानात तुमच्या हाताखाली बसलेली, बारा वर्षांची, शहाणी. तो चहा आणायला बाहेर गेल्यावर म्हणाले, "पेटी कशाला खातीय, बुवाचाच आवाज उतरलाय." तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाहीत, पण त्या दिवशी हातातली कानस तुम्ही खाली आपटलीत. "त्याला नाव सांगता येत न्हाय म्हणून त्याला ऐकू येत न्हाय व्हय? आधी पेटी उघडायची. माणसाला नावं ठेवायची ती मागनं." उघडली, तर एका सुराच्या पितळी पातीवर हिरवट गंज धरलेला. बुवाला तुम्ही त्या दिवशी माझ्या हातानं पाणी द्यायला लावलंत.

मी चहा तिथंच ठेवला आणि स्टेजवर गेले. भाता धरला. तिच्या काळी चारला गंधार येतो पांढरी एकवर. ती पट्टी दाबली आणि तिच्याच जोडीला खालच्या सप्तकातली पांढरी एक. तुम्ही शिकवलं होतंत तसं, दोन्ही एकदम, आणि कान जमिनीकडं. जुळलेले असतील तर एकच सूर उभा राहतो, नसतील तर लाट येते. लाट आली, आप्पा! वांव वांव वांव, अशी, माझ्या बोटांपर्यंत. बाकीच्या पट्ट्या तपासल्या, ठीक. तेवढा एक उतरलेला. इतरांच्या पट्टीत तो आला नव्हता, किंवा निसटता आला होता, आणि एकीनं तर पेटीचं ऐकून आपला सूर खाली ओढून घेतला होता, तिला मी साडेसात दिले होते. ही एकटी पोरगी तुमच्या पेटीसमोर, साऱ्या हॉलसमोर, आपल्या जागेवर उभी राहिली होती.

मला रडू यायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की मी स्टेजवरच हसले. मग लगेच भीती वाटली. आयोजकाला गाठून सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, पेटी तुमची, गाण्यातल्या तुमी, आनि आता तुमीच पेटी खोटी म्हणताय? बघणारं काय म्हणतील? सगळं शूट झालंय. ऱ्हाऊ दे की. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले.

तो त्या बाईंकडं वळला, त्यांचा शब्द त्याच्याकडं मोठा. त्यांनी बशी त्याच्या हातात दिली. "अहो, मी आयुष्यभर रिटेक दिलेत. एका पोरीला एक देऊन बघा. आणि पेटी नको."

मग मी माईकवर गेले आणि सांगितलं, की पेटीतला एक सूर उतरला आहे, पेटी माझी आहे, ती तपासून आणायचं काम माझं होतं, गुण माझे चुकलेत. ज्या दोघींच्या पट्टीत तो सूर ठळक येतो त्या दोघी पुन्हा म्हणतील. मागून कुणीतरी ओरडलं, "परीक्षकालाच नापास करा ओऽ!" हॉल फुटला. माझे कान तापले. पण लोक बसून राहिले, एकही उठला नाही.

दुसरीनं बरं म्हटलं. मग हुपरीची आली, या वेळी माईक जवळ धरून. नुसता तबला. ती त्या गंधारावर गेली आणि थांबली, आणि आप्पा, कसं लिहू? त्याला शेजारी कुणी नव्हतं, कुणी खाली ओढत नव्हतं. मी खुर्ची फिरवून पाठ करून बसले, कॅमेरा असूनही. बाईंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांची नखं रुतत होती. मी साडेनऊ दिले. अर्धा कापला, कारण शेवटी घाईत सम गाठली, आणि ती खरंच घाई होती. पोरगी पहिली आली. पुण्याला जातेय! तिची आई मला म्हणाली, "आता बरं ऐकलासा."

रात्रभर मी तुमच्याशी भांडत होते. तुमचं म्हणणं अजून खरंच आहे: कुठला सूर आणि का, हे त्या बाईंना जन्मात सापडलं नसतं, आणि त्यांच्या एकट्यांच्या हाती सोडलं असतं तर तो बेसूर मुलगा पुण्याला गेला असता. पण मला एकटीला बसवलं असतं तर ही पोरगी दुपारच्या बसनं हुपरीला परत गेली असती, आपण चुकलो असं समजून, कदाचित जन्मभर. त्या खुर्चीवर कोण हवं, हे मला काल सकाळी ठाऊक होतं. आज इतकं ठाऊक नाही. एवढंच म्हणते, की न कळणारा माणूस खडा लागला म्हणाला तर जाणणाऱ्यानं उठून बघायला हवं, आणि उठायला जमत नसेल त्यानं तिथं बसू नये, मग त्याला कितीही कळो.

आज सकाळी पेटीची फळी काढली. तुमचीच कानस, तुमचाच चिमटा. त्या सुराच्या पातीच्या टोकाशी हिरवट थर होता. खरवडताना दोनदा थांबले, पण आता दोन्ही गंधार एक झालेत.

हे तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता वाचणार नाही, आई घरात आहे, आणि एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. हॉलमध्ये सगळ्यांनी धरलं की मला पेटीची चूक ऐकू आली नव्हती, आणि मी ते तसंच राहू दिलं. ऐकू आली होती. ती पहिल्यांदा गंधारावर गेली तेव्हाच मला कळलं होतं, की दोघांतलं एक चुकतंय आणि पोरीचा सूर गोड आहे. मी तुमची बाजू घेतली.