परिषदेत न विचारलेला प्रश्न

बाबा, मी परदेशात जाऊन आले. शेतीतल्या रसायनांवर देशोदेशींच्या सरकारांची परिषद होती आणि तिथे मला युवा प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं. दारव्ह्याच्या जीपमध्ये बसताना आई एवढंच म्हणाली, "त्यायले इचारजो."

काय विचारायचं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. तुम्ही गेलात त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. मी तेव्हा आठवीत. पंप पाठीला लावण्याआधी तुम्ही औषधाच्या बाटलीवरचा कागद माझ्यापुढे धरता. "वाच वं, काय लिवलं हाये?" मुंगीएवढी अक्षरं, सगळी इंग्रजी. मला जमत नाही. "मंग कायले शायेत धाडतो तुले?" म्हणून तुम्ही हसता, टोपणाने मोजून औषध बादलीत ओतता, काडीने ढवळता. नळी वर धरून फवारायचं, म्हणजे अर्धं तुमच्याच तोंडावर. तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात तुम्हाला आमचे चेहरे दिसेनात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी शोधून काढलं. ते औषध जिथे बनतं, त्या देशातल्या शेतांत त्याला बंदी आहे. बनवून आपल्याकडे पाठवायला नाही.

हेच मला विचारायचं होतं. आदल्या दिवशी आमची भाषणं तपासायला घेतली. दिल्लीच्या संयोजक बाईंनी माझं ते वाक्य हसत खोडलं. "बेटा, सवाल नहीं, उम्मीद. यूथ से लोग वही सुनना चाहते हैं." खरी बोलणी बंद दाराआड चालली होती. तिथे आम्हाला प्रवेश नव्हता. दाराबाहेर मात्र सुती साडीत माझे फोटो निघाले. उद्याचे नेते म्हणतात आम्हाला. उद्या म्हणायचं, की आज दाराबाहेर उभं करता येतं.

परत आले तर गावात सत्कार. आईने घरी आल्यावर विचारलं, "काय म्हनले वं ते लोकं?" मी सांगितलं, त्यांनी वाक्यच काढून टाकलं. ती भाकरी थापत बसली.

ते खोटं नाही, बाबा. पण तुम्हाला लिहिलेला हा कागद मी तिला वाचून दाखवणार नाही. माझं भाषण संपलं तेव्हा समोरच्या घड्याळात माझी चाळीस सेकंदं उरली होती, माइक चालू होता, मला कोणीही अडवलं नसतं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.