इंग्रजी मालिकेतली माय

माय,

परवा अमरावतीच्या घरी एकटीच होते, आणि मोबाईलवर ती इंग्रजी मालिका पुन्हा सापडली. जुन्या कादंबरीवरची, पायघोळ झग्यांची, घोडागाड्यांची. अकोल्याला रविवारी दुपारी आपण दोघी बघायचो ती. तू ओल्या फडक्यावर मोगरा ओतून विकायचे गजरे ओवायचीस, आणि नुकतीच बारावी झालेली मी तुला इंग्रजीचं आपल्या बोलीत करून सांगायचे.

त्या एका रविवारी बाळापूरच्या मंडळींकडून पसंतीचा निरोप आला होता. बाबा संध्याकाळी होकार कळवणार होते. मला कुणी विचारलं नव्हतं, तूही नाही. पडद्यावर एक श्रीमंत जमीनदार त्या मुलीला मागणी घालतो आणि ती नकार देते. तू विचारतेस, "काय म्हणून राहिली थे?" ती एवढंच म्हणत होती, की माझं तुमच्यावर प्रेम नाही. मी म्हटलं, "थे म्हणते, मले अजून शिकाचं हाय. आता लगन नाई करत."

"अन् तिची माय?"

"माय म्हणते, शिक बाई. मी पायतो तुया बापाचं."

तू उरलेला मोगरा ओवलास, पदराला हात पुसलेस आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिलीस. "बाळापूरले नाई म्हणून कळवा. पोरगी शिकते."

"काहून? लोकाइले काय सांगू मी?"

"सांगा, मायचं मन नाई."

महिनाभर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. तू मुकाट्याने त्यांचं ताट वाढत राहिलीस. मी कॉलेजात गेले, पुढे इथे अमरावतीत इंग्रजी शिकवू लागले.

परवा तो प्रसंग पुन्हा पाहिला. पडद्यावरची आई मुलीवर ओरडते, कप आपटते, आणि मुलगी रडत जिना चढून जाते. आवाज बंद करून पाहिलं. तरी सगळं कळतं. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे तर पडद्यावरच होते तुझे.

हे पत्र वहीतच राहणार. पण एक सांगते. इतकी वर्षं मी हा किस्सा वर्गात सांगत आले, आईला कसं बनवलं म्हणून. पोरी हसतात. मीही हसायचे.