दाराचा गुडघा

प्रिय खडूबाई,

या नावाने तुला हाक मारल्याला बरीच वर्षे लोटली. लहानपणी तू माझ्या सदऱ्याच्या खिशातले खडू काढून खात असस, आणि आई ओरडली की पांढऱ्या ओठांनी 'मी नाही' म्हणत असस. पुढे तू गणिताची शिक्षिका झालीस, तेव्हा मी सर्वांना सांगितले की पोटात गेलेले अखेर हातात आले. आपण फोनवर बोलतोच, मग हे पत्र कशासाठी, असे तुला वाटेल. बोलताना वाक्य मागे नेऊन दुरुस्त करता येत नाही, आणि आज जे सांगायचे आहे त्यातले एकही वाक्य चुकलेले मला चालणार नाही.

निवृत्तीनंतर मी परीक्षा मंडळासाठी काही काम करतो, एवढेच तुला ठाऊक आहे. काम कोणते ते मी कधी सांगितले नाही, कारण तशी शपथ होती. आता परीक्षा झाली, मी कामही सोडले, तेव्हा सांगतो. उच्च माध्यमिकच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकांची भाषा मी तपासत असे. मला अवकलन करता येत नाही, पण 'अवकलज' या शब्दातला 'ज' कुठून जन्मला ते सांगता येते, आणि मंडळाला तेवढेच हवे होते. प्रश्न कोणी काढला हे मला कळत नसे आणि भाषा कोणी तपासली हे प्रश्न काढणाऱ्याला कळत नसे. माझी पद्धत ठरलेली होती. शेवटच्या वाक्यापासून पहिल्या वाक्याकडे उलटे वाचत जायचे, म्हणजे अर्थाच्या ओघात चूक वाहून जात नाही. वाक्य मोठ्याने म्हणायचे, आणि निर्दोष असेल तरच त्याच्या शेवटी हिरव्या शाईचा ठिपका द्यायचा. आई या ठिपक्यांना 'तुमची कोथिंबीर' म्हणते. इतक्या वर्षांत माझा एकही ठिपका खोटा ठरला नव्हता. हे मी अभिमानाने लिहितो आहे, आणि का लिहितो आहे ते पुढे येईलच.

परीक्षा झाल्यानंतरच्या आठवड्यात मुख्य नियामक बाईंनी मला बोलावले. चालणे, बोलणे आणि बसणे सारखेच ताठ असल्यामुळे त्यांना आम्ही पाठीमागे कंपासबाई म्हणतो. त्यांच्या खोलीत लाखेचा वास असतो आणि टेबलावर पेन ठेवायलाही जागा नसते. त्या दिवशी मात्र टेबल रिकामे होते. गणिताच्या पत्रिकेत भाषेची ढोबळ चूक आहे, अशी तीन शाळांची तक्रार आली होती. मी हसलो. म्हणालो, बाई, छापखान्याला विचारा, तिथल्या चुका तिथेच जन्मतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी छापील पत्रिका माझ्यापुढे सरकवली आणि शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवले.

तो प्रश्न मी तिथे प्रथमच वाचला, असे मला वाटले. गणिती प्रतिमानाचा प्रश्न होता. एका निवृत्त शिक्षकांना दर महिन्याला घरगुती वस्तूंची तीच शंभर चित्रे दाखवून नावे विचारली. सुरुवातीला त्यांनी शहाण्णव नावे बरोबर सांगितली, वर्षानंतर ऐंशी. घट घातांकी आहे असे गृहीत धरून समीकरण मांडा. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शब्द कोणत्या वेगाने कमी होत असतील ते अवकलनाने काढा. मूळ संख्या निम्मी होण्यास किती काळ लागेल ते लघुगणकाने काढा. शेवटी, या प्रतिमानाची एक मर्यादा लिहा. मधोमध ते वाक्य होते: 'त्यांनी शब्द विसरले त्या जागी दिलेली वर्णने, उदाहरणार्थ "दाराचा गुडघा", बरोबर उत्तर म्हणून धरलेली नाहीत.'

खडूबाई, आधी मला चूकच दिसली. 'त्यांनी शब्द विसरले.' ही चूक मला पाठ आहे. तू दुसरीत असताना शाळेतून येऊन म्हणाली होतीस, 'बाबा, मी डबा विसरला.' मी म्हटले, विसरले. तू कमरेवर हात ठेवून भांडलीस: मी डबा नेला, मी डबा उघडला, मी डबा खाल्ला, मग मी डबा विसरला का नाही? तेव्हा मी तुला समजावले होते की बहुतेक सकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातात, पण काही मोजकी तशी जात नाहीत, आणि त्यांत शिकणे आणि विसरणे ही दोन. मी धडा लिहिला, पण मी धडा शिकले. मी डबा खाल्ला, पण मी डबा विसरले. शिकणारा आणि विसरणारा या दोघांना क्रियापद धरून ठेवते. तू म्हणालीस, 'म्हणजे विसरलं की पकडले जातो.' तुझी ही चूक पुढे कॉलेजातही गेली नाही. घाईत असलीस की आजही फोनवर म्हणतेस, 'मी चावी विसरली.' म्हणून त्या वाक्यातून मला आधी तू ऐकू आलीस. तुझे नाव मी त्या खोलीत उच्चारले नाही. प्रश्न काढणाऱ्यांनाही शपथ असते, आणि तुझ्या शपथेचा मान मी राखला आहे.

आणि मग 'दाराचा गुडघा' दिसला.

दोन वर्षांपूर्वी तू मला म्हणाली होतीस की शाळेतल्या लहान मुलांसाठी चित्रांची पत्ते-पेटी करते आहेस, चित्रावरून नाव चटकन सुचते का ते बाबा तपासून देतील का. परीक्षक म्हणून नेमले की मी आनंदाने फसतो, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू फोनच्या पडद्यावर एकेक चित्र धरायचीस आणि मी नाव सांगायचो. सांगता आले नाही की चित्रकाराला शिव्या द्यायचो. ही गाळणी आहे की रॅकेट, एकदा ठरव म्हणावे. हा चिमटा असेल तर मी न्हावी. एकदा एक चित्र आले, दार आणि चौकट यांच्या मधले, लोखंडी, पानासारखे उघडमीट करणारे. शब्द जिभेच्या टोकावर होता आणि टोकावरच बसून राहिला. मी म्हटले, दाराचा गुडघा. तू खूप हसलीस. हसून झाल्यावर मान खाली घालून काहीतरी लिहिलेस. मला वाटले चित्रकारासाठी दुरुस्ती टिपते आहेस. आई शेजारीच बसली होती, आणि ती उगाचच उठून खिडकी लावायला गेली.

तर तो पत्ते-पेटीचा परीक्षक परीक्षार्थी निघाला. कंपासबाईंच्या खोलीत मी खुर्चीचा हात धरून बसलो. अनोळखी गावांतल्या अनोळखी मुलामुलींनी, घड्याळाकडे पाहत, पेन झटकत, माझे निम्मे शब्द कधी संपतील ते काढले होते. पत्रिकेला जोडलेल्या आदर्श उत्तरपत्रिकेत उत्तर होते: सुमारे तीन पूर्णांक आठ वर्षे. त्यांतली निम्मी उलटली आहेत. मला राग यायला हवा होता. आलाही, पण पुरता यायच्या आत बाईंनी तिजोरीतून मूळ मसुदा काढला, माझ्या ठिपक्यांचा.

मला वाटले होते की हा प्रश्न माझ्या नजरेखालून गेलाच नाही. तो गेला होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझा ठिपका होता. 'त्यांनी शब्द विसरले' या वाक्याच्या शेवटी तर तो इतका नेटका होता की मला त्याची लाज वाटली. जी चूक मी दुसरीतल्या पोरीला करू दिली नाही, ती मी मोठ्याने वाचून, कानाने ऐकून, निर्दोष ठरवली होती. तरीही मी स्वतःशी म्हटले, डुलकी लागली असेल, वय आहे, एक चूक सुटू शकते. मग बाईंनी समासावर बोट ठेवले. 'दाराचा गुडघा' या शब्दांखाली मी हिरवी रेघ ओढली होती आणि समासात माझ्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'मौजेचा वाक्प्रयोग. कोणाचा? संदर्भ द्यावा.'

मी ते पुनःपुन्हा वाचले. अक्षर माझे होते. वेलांटीही माझी होती. ज्याने ते लिहिले, त्याला तो वाक्प्रयोग आवडला होता आणि त्याचा जनक कोण ते ठाऊक नव्हते. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, 'सर, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या.' कंपासासारख्या बाईचा आवाज वाकलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी हिरवे पेन टेबलावर ठेवले आणि निघालो. जिना उतरताना प्रत्येक पायरीला कठडा धरला, जणू पायऱ्यांचीही नावे जाणार होती.

घरी आलो तेव्हा आई भाजी निवडत होती. मी तिला सगळे सांगितले. मला वाटले होते ती हादरेल. ती म्हणाली, 'अहो, मला वाटलं तुम्हांला केव्हाच कळलंय, आणि तुम्ही मानी, म्हणून बोलत नाही.' मी म्हटले, मला तर चित्रे वाईट काढली आहेत असे वाटत होते. ती उठली, कपाटाचे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि सांध्यावर बोट ठेवून म्हणाली, 'हे काय, सांगा.' मी म्हटले, बिजागरी. ती हात पुसत खाली बसली आणि म्हणाली, 'मग आज बरा दिवस आहे.' त्या वाक्याने मी कंपासबाईंच्या खोलीतल्यापेक्षा जास्त हादरलो. माझ्या घरात बरे दिवस आणि बाकीचे दिवस असे दोन प्रकार पडले होते, आणि ते मला सोडून सर्वांना माहीत होते.

तू माझ्यापासून लपवलेस, याचा हिशेब मी मागणार होतो. पत्राचा पहिला मसुदा तसाच होता. फार शुद्ध होता आणि फार वाईट होता. मग मला आदर्श उत्तरपत्रिकेतला शेवटचा भाग आठवला. प्रतिमानाची मर्यादा काय, या प्रश्नाला तू दिलेले उत्तर मी तिथे घाईत वाचले होते, आणि ते मात्र शब्दशः लक्षात राहिले आहे: 'शब्द गेला म्हणजे ओळखही गेली, असे हे प्रतिमान धरून चालते. तसे असेलच असे नाही.' यात एकही चूक नाही. आता माझ्या ठिपक्याला काही किंमत उरली असेल तर तो या वाक्याला दे.

परवा आईला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, केव्हापासून? आई बोटांवर महिने मोजू लागली. मग मी खिशातून छापील प्रश्नपत्रिका काढली, शेवटचा प्रश्न उलगडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, हे आकडे कोणी घेतले? मी म्हटले, माझ्या मुलीने. ते म्हणाले, सहसा लोक 'हल्ली जरा विसरतात' यापलीकडे काही सांगू शकत नाहीत, इथे तर आकडे आहेत, आणि महिन्या-महिन्याची नोंदही मुलीकडे असणार. अजून काही तपासण्या करू, कारण दुसरेही असू शकते, पण पुढच्या वेळी मुलीला बरोबर आणा. तेव्हा तू ये. तारीख आई फोनवर सांगेल. ती तिच्याकडे असलेली बरी. पेटी घेऊन ये, आणि या वेळी मला सांगून चित्रे दाखव. मी चित्रकाराला शिव्या देणार नाही असे वचन देत नाही. आणि ते वाक्य दुरुस्त कर: 'त्यांनी शब्द विसरले' नव्हे, 'ते शब्द विसरले'. मला सोडवायला म्हणून तू क्रियापद शब्दांच्या गळ्यात बांधलेस की ती तुझी जुनीच खोड, ते मी विचारत नाही. पण विसरणाऱ्याला क्रियापद धरून ठेवते, तर मला धरू दे. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिले, आणि आणखी एका गोष्टीसाठी. भाषा तपासनिसाने समासात शंका काढली होती आणि प्रश्नकर्तीने तिचे उत्तर दिलेले नाही. ते देणे माझ्याकडेच येते. 'दाराचा गुडघा' हा वाक्प्रयोग माझा आहे. उद्या मी पुन्हा 'कोणाचा?' असे विचारले, तर तू सांग.

तुझाच,
बाबा