नळीवरचा अंगठा

३ फेब्रुवारी

चि. बारकी हिस,
अ. उ. आ.

विहारात तुमचे फोन जमा असतात, म्हणून हे पत्र आपल्या कारखान्याचा माल नेणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरकडे देतोय. बोलून सांगायला माझ्याकडे आवाजही उरलेला नाही. तुझी वहिनी अकरा दिवसांपासून हॉस्पिटलात आहे. पॅकिंगच्या टेबलाशी उभी होती. काचेचा चंबू उजेडात धरून बुडबुडा शोधत होती, ती तशीच खाली बसली. डोक्यात रक्तस्राव झालाय. तेव्हापासून तिचा श्वास मशीन घेतंय.

काल डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून आधी पाणी दिलं. म्हणाल्या, ती आता परत येणार नाही, मशीन काढायला तुमची सही लागेल. कागद खिशात घालून फिरतोय. सही मी करणार नाही.

तू येऊ नकोस. तू आलीस की हे सगळं खरं होईल. फक्त तुझे ते भन्ते श्वासाकडे बघायला शिकवतात, ते कसं करायचं तेवढं कळव. माझी छाती आवळून येते, श्वास पुरत नाही. छत्तीस वर्षं काच फुंकून पोट भरलं आणि आता मलाच श्वास पुरेना. हसायचं तर हस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कांदे चिरायला घेतले, म्हणजे कुणी काही विचारायला नको. अकरा दिवस, दादा? अकरा दिवस तू एकट्याने काढलेस आणि मी इथे शंभर माणसांचा भात करत बसले. येऊ नको म्हणालास म्हणून थांबलेय, पण बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

मी विहारात राहायला आले तेव्हा नाक धरून बसायचे रिकामे उद्योग म्हणाला होतास, ते विसरले नाहीये. असो. पाठ ताठ ठेव, डोळे मिट, लक्ष नाकपुडीच्या टोकाशी. श्वास आत आला की आत आला हे कळू दे, बाहेर गेला की बाहेर गेला हे कळू दे. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला दुरुस्त करायचं नाही. मन पळणारच. पळालं की कान न पिळता परत आणायचं. भन्ते म्हणतात, श्वास घ्यायला शिकायचं नसतं, येणारा श्वास जाणायला शिकायचं असतं.

दोन घास खात जा. ही विनंती नाही, दम आहे.
तुझी बारकी

८ फेब्रुवारी

चि. बारकी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या भन्त्यांना सांग, काचवाल्याला हे जमायचं नाही. आमच्याकडे टोकाला वितळलेली काच घेतलेल्या नळीत एक फुंकर मारली की लगेच नळीच्या तोंडावर अंगठा दाबतात. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि काचेत पोकळी धरते. सगळा जन्म तेच केलं. आता डोळे मिटले की मी श्वास घेतो आणि अंगठा दाबतो. छातीतल्या छातीत कोंडून धरतो. परवा भोवळच आली. नर्सबाई रागावल्या, म्हणाल्या, काका, तुम्हालाही शेजारच्या खाटेवर घालावं लागेल. म्हटलं, घाला, तेवढाच जवळ येईन.

मग मी एक शोधून काढलं. मशीनच्या तालावर श्वास घेतला की जमतं. ते घेतं तेव्हा मी घेतो, ते सोडतं तेव्हा मी सोडतो. काल अर्धा तास कसा गेला कळलं नाही. आम्ही दोघं मिळून श्वास घेत होतो गं. आता सांग, सही कशी करू? काच तापलेली असताना नळीवरचा अंगठा काढल्यासारखंच होईल ते. माझ्यात तेवढी हिंमत नाही. डॉक्टरीणबाई रोज एकदा माझ्या खिशाकडे बघतात आणि पुढच्या खाटेकडे जातात.

तुला सोडून कुणाला सांगू हे?
दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावलास तरी चालेल, पण तू चुकतोयस. स्वतःचा श्वास सोडून तू मशीनचा बघतोयस, आणि वहिनीकडे तर कुणीच बघत नाहीये.

आठव, तिने तुझा किती माल बाद केला ते. तू आदळआपट करायचास, एवढासा बुडबुडा कुणाला दिसतोय म्हणायचास. ती शांतपणे चंबू बाजूला ठेवायची आणि म्हणायची, दिसतंय ते दिसतंय. मी इथे तीन वर्षं बसून जे शिकतेय ते तिला पॅकिंगच्या टेबलाशी येत होतं. आणि खरं सांगू? तुझं पहिलं पत्र आल्यापासून मलाही दोन श्वासांच्या पुढे तिसरा सापडत नाही. उगाच शहाणपण शिकवतेय.

सही कर असं मी म्हणत नाही. फक्त अंगठा काढून एकदा तिच्याजवळ बस, दादा.

पाया पडते.
बारकी

१२ फेब्रुवारी

चि. बारकी हिस,
अ. उ. आ.

काल सकाळी तिच्या खाटेशी बसलो. मशीनकडे पाठ केली. बराच वेळ नुसती घुसमट. मग मी न घेता एक श्वास आपोआप आला आणि गेला. मी त्याला काही केलं नाही. हमसून रडलो. नर्सबाईंनी पडदा ओढून घेतला.

डोळे पुसून तिच्याकडे बघितलं. छाती वर येत होती, खाली जात होती, आणि त्यात ती कुठेच नव्हती. इतके दिवस समोर होतं. दिसतंय ते दिसतंय. कागद काढला, सही केली.

आज दहाला मशीन काढलं. वाटलं, लगेच संपेल. पण बारकी, ती स्वतः श्वास घेत होती. लहान लहान, वेडेवाकडे, मधे मोठी फट, पण तिचे स्वतःचे. प्रत्येक फटीत मी ओठ आवळून पुढे वाकत होतो, फुंकायला. फुंकलं नाही. हात तिच्या हातावर ठेवून बघत राहिलो, लांब तर लांब, आखूड तर आखूड. मग एक बाहेर गेला. मी पुढच्याची वाट बघत बसलो. डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की तो शेवटचा होता. मी तो पुरता पाहिला गं, शेवटपर्यंत.

तिला अजून तिथेच ठेवलंय. ड्रायव्हरला सांगितलंय, पत्र दे आणि गाडी दाराशी उभी ठेव. बॅग भरलेलीच आहे ना?

आता ये.
दादा