घर नातीला, देणे ज्याचे त्याला

मी, विजयाबाई सूर्याजीराव ढमढेरे, वय एकाहत्तर, राहणार हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वतःच्या हट्टाने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. राहते घर माझ्या नावावर असून माझ्या गोड्या मसाल्याच्या कमाईतून उभे राहिले आहे. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे माझी सज्ञान नात अवंतिका हिचे होईल. माझा एकुलता मुलगा हेमेंद्र याचा त्यात हिस्सा नाही. हे मी रागाने लिहीत नाही. राग होता तोवर कागद हातात घेतला नव्हता. त्याने दुकान काढायला म्हणून क्रेडिट कार्डे घेतली, एकाचे देणे दुसऱ्याने भागवले आणि प्रत्येक अर्जावर न वाचता सही केली. दुकान बुडाले, आता तो नोकरी करतो. घर त्याच्या नावावर झाले तर वसुलीवाले ते विकायला लावतील, आणि तो भिडस्त आहे, विकेल. बापाला घरात ठेवायचे की नाही हे अवंतिकाने ठरवावे. ठेवावे, असे माझे मत आहे.

२. देणे बुडवायचे नाही. हेमेंद्राने बँकेशी लेखी तडजोड करून ते आपल्या पगारातून फेडावे. पैसे बँकेतच भरावेत, दारात आलेल्याच्या हातावर काही ठेवू नये. एकदा ठेवले होते. पावती अजून यायची आहे.

३. माझ्या पाटल्या आणि मसाला दळायचे यंत्र सून सोनिका हिचे. वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून ती मंगळसूत्र मोडायला सराफ्यात निघाली होती, तिला मी हात धरून परत आणले. पाटल्या व्याजात घालू नयेत. हौसेने मोडल्या तर माझी हरकत नाही.

४. धाकटे दीर मधुसूदनराव यांनी "अब्रू जाण्यापेक्षा घर गेलेले बरे" असा सल्ला दिला होता. आमची शिडी कित्येक वर्षे त्यांच्याकडे आहे. ती त्यांनी ठेवून घ्यावी. सल्ला मी परत करते.

५. आता अब्रूविषयी. गणपतीत आमच्याकडे आरतीला कॉलनी जमत असताना वसुलीचा माणूस फाटकाशी उभा राहून म्हणाला, "माताजी, पूरी कॉलोनी को बता देंगे." शेजारच्या इंदुताईंना वसुलीवाल्यांचे फोन सुरूही झाले होते. मी म्हटले, "बेटा, तुम क्यों तकलीफ करते हो, हम ही बता देते हैं."

आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. प्रसाद वाटण्याआधी मी उभी राहिले आणि कॉलनीतल्या सगळ्यांना सांगितले की माझ्या मुलावर कार्डांचे देणे आहे, तो ते फेडणार आहे, कोणाला फोन आला तर माझा नंबर द्यावा. हेमेंद्र मान खाली घालून बसला होता, आणि मला त्याची फार दया आली. मग इंदुताई म्हणाल्या, "आमच्या अंशुलचं पण हेच चालू आहे, विजयाताई. शरमेच्या मारे आम्ही कोणाला बोललोच नाही."

फाटकाशी उभ्या माणसाला मी मोदक नेऊन दिला. त्याने तो घेतला आणि गेला. त्यानंतर बँकेची पत्रे येतात, माणसे येत नाहीत. माझ्या पश्चात कोणी धमकावलेच, तर बँकेकडे आणि पोलिसांत लेखी तक्रार करावी, आणि चार लोकांत आपणच आधी सांगून मोकळे व्हावे. झाकलेल्या गोष्टीवरच त्यांचे पोट चालते.

६. या मृत्युपत्रातून ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार उत्तम, असे इंदरगंजचे वकील म्हणाले. म्हणून इंदुताईंबरोबर मी हेमेंद्रालाच बोलावले. त्याने येताच सहीची जागा विचारली. मी पेन दिले नाही. म्हटले, "आधी वाच."

वरील सर्व माझे म्हणणे असून ते दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून कायम करीत आहे.

सही: विजयाबाई सूर्याजीराव ढमढेरे
ठिकाण: ग्वाल्हेर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. इंदुमती पानसे, हरिशंकरपुरम
२. हेमेंद्र सूर्याजीराव ढमढेरे. सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. मग सही केली.